मूळ रूप की बदल? गाडीवेड्यांचा वाद नेमका कशावर आहे

जुन्या पेट्रोल गाडीच्या डिस्ट्रिब्युटरचं (प्लगना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाचं) झाकण उघडलं की आत पॉइंट दिसतात: धातूचे दोन छोटे ठिपके, इंजिन फिरेल तसे उघडणारे आणि मिटणारे. चार सिलिंडरच्या बहुतेक जुन्या गाड्यांत त्यांच्यातली फट ०.४ मिमीच्या आसपास ठेवतात. पॉइंट उघडणारी फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, फट कमी होते, ठिणगी उशिरा पडू लागते आणि चढावर गाडी दमते. याला उपाय दोन. दर काही हजार किलोमीटरला फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून फट जुळवायची आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, तपासायचं, हा एक. पॉइंट आणि कंडेन्सर काढून त्याच झाकणाखाली इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवायचं, हा दुसरा.

एवढ्याशा भागावरून दोन गाडीवेडे तासभर भांडू शकतात, आणि दोघांचीही कारणं खरी असतात. मूळ रूप जपणारा म्हणतो, पॉइंट हळूहळू बिघडतात, आधी लक्षणं दाखवतात, आणि रस्त्याच्या कडेला बारीक पॉलिश पेपर फिरवून गाडी घरापर्यंत आणता येते. किट मात्र गेलं की गेलं. बदल करणारा म्हणतो, डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टला प्ले (ढिलेपणा) आला असेल तर पॉइंटची फट प्रत्येक फेरीत वेगळी पडते, ती कितीही जुळवली तरी आयडलिंग स्थिर राहत नाही. किटला हा दोष पुष्कळ कमी बाधतो.

किट बसवणाऱ्यांची नेहमीची चूक कॉइलपाशी, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागापाशी, होते. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी ठेवणारा रोध) असलेल्या गाडीतली कॉइल साधारण १.५ ओहमची असते. रेझिस्टर काढून तिला थेट पुरवठा दिला तर चालू इंजिनच्या १३.५ व्होल्टला जवळपास ९ ॲम्पिअर करंट वाहू पाहतो. ३ ओहमच्या कॉइलमधून तोच ४.५ ॲम्पिअर असतो. पुष्कळ किटांना हा भार सोसत नाही, ती थोड्याच दिवसांत जळतात, आणि दोष सगळ्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या माथी येतो. म्हणून आधी कॉइलच्या वायरी सोडवून मल्टिमीटरने ओहम मोजावेत आणि किटच्या कागदावर कमीत कमी किती ओहम मागितलेत ते पाहावं. काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर फेकू नयेत. ते एका डबीत घालून फिलर गेज आणि स्क्रूड्रायव्हरसह डिकीत ठेवावेत. किटने दगा दिला तर गाडी रस्त्यातच जुन्या पद्धतीवर आणता येते.

डिकीतली ती डबी दोन्ही बाजूंना मान्य होते, हे आमच्या मते फार महत्त्वाचं आहे. गाडी मूळ रूपात ठेवावी की बदलावी, हा आवडीचा प्रश्न आहे आणि तो कधी सुटणार नाही, सुटायची गरजही नाही. केलेला बदल परत फिरवता येतो का, आणि एक भाग बदलताना त्याला जोडलेल्या बाकीच्या भागांचा विचार झाला का, हे दोन प्रश्न मात्र आवडीचे नाहीत. त्यांची उत्तरं मोजून देता येतात.

तट किती आहेत

बाहेरून पाहणाऱ्याला दोनच तट दिसतात, पण मूळ रूपाच्या बाजूलाच दोन गट आहेत आणि त्यांच्यातली भांडणं सर्वांत कडवट असतात. एक गट जतन करणाऱ्यांचा: कारखान्यातून आलेला रंग फिका पडलेला असो, सीटचं कापड विरलेलं असो, ते तसंच राहू द्यायचं. दुसरा रिस्टोर करणाऱ्यांचा: गाडी शेवटच्या नट-बोल्टपर्यंत सुटी करून कारखान्यातून निघाली त्या दिवशी होती तशी पुन्हा उभी करायची. जतन करणाऱ्याला वाटतं की रिस्टोर करणाऱ्याने खरा पुरावा घासून टाकला. रिस्टोर करणाऱ्याला वाटतं की जतन करणारा गंजाला मोकळं रान देतोय.

जतन करणाऱ्यांचं म्हणणं गेल्या काही दशकांत भारी ठरत गेलंय. कॅलिफोर्नियात १९५० पासून भरणाऱ्या पेबल बीचच्या प्रदर्शनात वर्षानुवर्षं आरशासारख्या चमकणाऱ्या, पूर्ण रिस्टोर केलेल्या गाड्याच सर्वोच्च मान मिळवत आल्या. २०२४ मध्ये तो मान १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ स्पोर्ट्‌सला मिळाला. ती जतन विभागातली गाडी होती, आणि त्या विभागातली गाडी तिथे सर्वोत्तम ठरण्याची ती पहिलीच वेळ.

जतन म्हणजे हातावर हात ठेवून बसणं मात्र नव्हे. गंजलेल्या पत्र्यावर पारदर्शक क्लिअर कोट मारून जुनेपण कायम करायचा प्रयत्न बरेच जण करतात. तो फसतो, कारण गंजाच्या थरात ओल आणि क्षार अडकलेले असतात, खाली गंज चालूच राहतो आणि वर्षा-दोन वर्षांत क्लिअर कोटचे पापुद्रे निघतात. त्यापेक्षा मेणाचा किंवा तेलकट रक्षक द्रव्याचा पातळ थर द्यावा आणि तो दरवर्षी पुसून नवा करावा. काम किचकट आहे, पण पत्र्याचं काहीच बिघडत नाही.

रंग मूळचा आहे की नंतरचा, यावर नजरेने वाद घालू नये. रंगाची जाडी मोजणारं गेज मिळतं. कारखान्यातल्या रंगाची एकूण जाडी बहुतेक गाड्यांत १०० ते १५० मायक्रॉनच्या दरम्यान भरते. २०० च्या पुढे आकडा गेला तर पुन्हा रंग मारल्याचा संशय घ्यावा, आणि ५०० च्या वर गेला तर खाली पुट्टी असणार असं धरून चालावं. एका पॅनेलवर एकच ठिकाण न पाहता कडा, मध्य आणि चाकाच्या कमानीजवळ असे निदान पाच-सहा आकडे घ्यावेत.

बदल करणाऱ्यांकडेही असेच उपगट आहेत. रेस्टोमॉडवाल्यांना बाहेरून जुनं रूप आणि आतून नवं यंत्र हवं असतं. ट्रॅकवाल्यांना सेकंद मोजायचे असतात, दिसण्याशी त्यांना घेणंदेणं नसतं. गाडी खाली बसवून रुंद रिम लावणाऱ्यांना नेमकं दिसणंच महत्त्वाचं असतं. इंजिन काढून बॅटरी आणि मोटर बसवणारे हे सर्वांत नवे, आणि सध्या सर्वांत जास्त टीका त्यांच्या वाट्याला येते.

कालचा बदल, आजचं मूळ रूप

हे तट कायमचे आहेत असं वाटतं, पण इतिहास वेगळं सांगतो. १९३२ मध्ये फोर्डने स्वस्त गाडीत व्ही-८ इंजिन दिलं. कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी त्या गाड्यांचे मडगार्ड आणि छप्पर काढून, इंजिनांची ताकद वाढवून कोरड्या तलावांच्या सपाट तळांवर शर्यती लावल्या. मूळ गाडी जपणाऱ्यांच्या दृष्टीने ती नासधूस होती. १९९७ मध्ये पेबल बीचने ऐतिहासिक हॉट रॉडसाठी वेगळा विभाग उघडला. आज तशी गाडी हातात आली तर ती पुन्हा कारखान्याच्या रूपात नेणं हीच नासधूस ठरेल; त्या काळातला कार्ब्युरेटर, त्या काळातलं वेल्डिंग, सगळं जपावं लागतं.

१९६१ ची मिनी कूपर हीसुद्धा बदललेली गाडीच. साध्या मिनीचं इंजिन ८४८ सीसीचं होतं. शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या जॉन कूपर यांच्या कल्पनेतून ते ९९७ सीसी आणि ५५ हॉर्सपॉवरवर गेलं, आणि ताकद वाढली म्हणून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही आले. १९६२ ची शेल्बी कोब्रा म्हणजे ब्रिटिश एसी कंपनीच्या ‘एस’ या गाडीच्या सांगाड्यात बसवलेलं फोर्डचं व्ही-८. इंजिन बदलणाऱ्याला नावं ठेवताना हे विसरू नये.

जुन्या वाहनांच्या संघटनांचा जागतिक महासंघ फिवा १९६६ पासून काम करतो. त्याच्या वर्गीकरणात कारखान्याच्या मूळ घडणीची गाडी आणि ‘त्या काळातच बदललेली’ गाडी असे वेगळे गट आहेत, आणि दोन्ही ऐतिहासिक मानले जातात. म्हणजे काय बदललं याइतकंच कधी बदललं हेही मोजलं जातं. यातून बदल करणाऱ्याने एक सवय उचलावी: प्रत्येक कामाची तारीख, भागाचा नंबर आणि कामाआधीचे फोटो ठेवावेत. चाळीस वर्षांनी तीच वही गाडीचा इतिहास असेल.

परत फिरवता येणारा बदल कसा ओळखायचा

साधी कसोटी अशी: मूळ भाग पुन्हा बसवताना वेल्डिंग, कापाकापी किंवा रंगकाम लागेल का? लागणार नसेल तर बदल परत फिरवता येतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशन, बोल्टने बसणारे सस्पेन्शनचे भाग, वेगळ्या रिम, जादा कूलिंग फॅन हे सगळे या बाजूला. इंजिनासाठी कापलेली फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत), रुंद टायरसाठी कापलेल्या चाकाच्या कमानी, बॅटरीपेटीसाठी काढलेला डिकीचा तळ हे दुसऱ्या बाजूला.

बऱ्याचदा थोडी जास्त मेहनत घेतली तर बदल एका बाजूकडून दुसरीकडे नेता येतो. नवं उपकरण बसवायला पत्र्याला भोक पाडण्याआधी जवळचा वापरात असलेला बोल्ट शोधावा आणि त्यावर बसेल असा पट्टीचा ब्रॅकेट करावा. वायरिंगमध्ये मूळ वायर कापून जोड देऊ नये. मूळ कनेक्टरला बसणारा जोडीदार कनेक्टर लावून वेगळा छोटा हार्नेस (वायरींचा जुडगा) टाकावा. वेगळं इंजिन घालताना चेसिसवरचे मूळ माउंट कापण्याऐवजी त्यांच्यावर बोल्टने बसणारे ॲडॉप्टर करावेत. चेसिस नंबर जिथे ठोकलेला असतो तो पत्रा मात्र कोणत्याही कारणाने कापायचा किंवा घासायचा नाही. तिथे गाडीची ओळखच जाते आणि कायद्याचा प्रश्न उभा राहतो.

इलेक्ट्रिक रूपांतरावर फिवाने २०१९ मध्ये हीच भूमिका मांडली. रूपांतर केलेल्या गाडीला ते ऐतिहासिक वाहन मानत नाहीत, पण कोणाला करायचंच असेल तर बदल परत फिरवता येण्याजोगे असावेत आणि काढलेले मूळ भाग खुणा करून सांभाळावेत, असा सल्ला देतात. हा सल्ला आम्हाला पूर्ण पटतो. रूपांतरात मूळ गिअरबॉक्स ठेवून मोटरला ॲडॉप्टर प्लेट लावली तर गिअरबॉक्सवरच्या बोगद्याचा पत्रा आणि मागचा एक्सल शाबूत राहतात. दोन गोष्टी मात्र लोक विसरतात. ब्रेक बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला, लागणारा व्हॅक्यूम इंजिनातून यायचा, तो आता येत नाही, म्हणून विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप लागतो. आणि बॅटऱ्या सगळ्या मागे टाकल्या तर पुढच्या चाकांवरचं वजन इतकं घटतं की ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकं पडतं. चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून रूपांतराआधी आणि नंतर वजन घ्यावं, आणि पुढच्या-मागच्या वजनाचं प्रमाण मूळच्या जितकं जवळ ठेवता येईल तितकं ठेवावं.

एकच भाग बदलता येत नाही: ब्रेकचं उदाहरण

ड्रम काढून पुढे डिस्क ब्रेक लावणं हा बदल मूळ रूपाचे भक्तही हळूच करून घेतात. उतारावर वारंवार ब्रेक मारले की ड्रम तापून पकड सोडतो, डिस्क मोकळ्या हवेत असल्यामुळे लवकर निवते. पण कॅलिपर (डिस्कला पॅडने चिमटणारा भाग) आणि डिस्क बसवली म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्यांच्या गाड्या मूळ ड्रमपेक्षा वाईट थांबतात.

ड्रममध्ये फिरणारा ड्रम पुढच्या शूला (आतून टेकणाऱ्या ब्रेकच्या पट्टीला) स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे पायाच्या जोराला आपोआप मदत मिळते. डिस्कमध्ये अशी मदत नाही. तेवढंच थांबायला डिस्कला तेलाचा दाब जास्त लागतो, म्हणजे बूस्टर तरी हवा किंवा कॅलिपरचे पिस्टन तरी मोठे हवेत. पिस्टन मोठे घेतले की ते सरकवायला तेल जास्त लागतं आणि पेडल खोल जातं. मग लोक मोठा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेल ढकलणारा) आणतात: १९ मिमीच्या जागी २२ मिमी. पेडल वर येतं खरं, पण पायाचा जोर तेवढाच असेल तर दाब सुमारे २५ टक्क्यांनी घटतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. पेडल कडक लागतं, गाडी मात्र थांबत नाही. नवशिक्याला हे कडक पेडल म्हणजे चांगला ब्रेक वाटतो.

दुसरी अडचण जुन्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी लपलेली असते. ड्रमच्या लाइनमध्ये १० पीएसआयच्या आसपास दाब कायम राहावा म्हणून तिथे छोटा व्हॉल्व्ह असतो. व्हील सिलिंडरचे रबरी कप त्या दाबाने भिंतीला टेकून राहतात. हाच व्हॉल्व्ह डिस्कच्या लाइनमध्ये राहिला तर पॅड डिस्कला सतत घासतात. थोडं चालवून पुढची रिम हाताला चटका देत असेल तर आधी हाच व्हॉल्व्ह पाहावा.

तिसरी अडचण मागच्या चाकांची. पुढच्या डिस्कसाठी वाढवलेला दाब मागच्या ड्रमलाही मिळतो, आणि ड्रमला तर कमी दाब पुरतो. परिणामी मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी फिरते. त्यासाठी मागच्या लाइनमध्ये दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लागतो. तो जुळवताना रिकाम्या, सपाट, कोरड्या जागी कमी वेगाने सुरुवात करावी, बाहेर उभ्या माणसाने चाकं पाहावीत, आणि पुढची चाकं नेहमी मागच्यांच्या आधी लॉक होतील इतका मागचा दाब कमी ठेवावा.

ब्रेक ऑइलबद्दल दोन्ही तटांत गैरसमज सारखेच आहेत. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉलची; डॉट ५ सिलिकॉनचं. नाव सारखं दिसलं तरी डॉट ५ आणि डॉट ५.१ एकत्र करायची नाहीत. प्रदर्शनात गाडी ठेवणाऱ्यांना डॉट ५ आवडतं, कारण ते सांडलं तरी रंग खात नाही आणि ओल शोषत नाही. पण त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात आणि पेडल थोडं मऊ लागतं, म्हणून ट्रॅकवाले त्याला हात लावत नाहीत. डॉट ४ चा उकळबिंदू नव्या तेलात किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओल शोषल्यानंतरची किमान मर्यादा १५५ आहे. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात ते यासाठीच, गाडी कितीही कमी चालली तरी.

गाडी खाली बसवताना

खाली बसवलेल्या गाड्यांवर मूळ रूपवाले हसतात. त्यातल्या काही गाड्यांच्या बाबतीत ते बरोबर असतात, आणि कारण दिसण्यात नसून भूमितीत असतं.

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे स्प्रिंगचं वेटोळं कापणं. स्प्रिंगचा कडकपणा काम करणाऱ्या वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून ८ पैकी १ वेटोळं कापलं तर ती सुमारे १४ टक्के कडक होते. मूळ शॉक ॲब्सॉर्बर मूळ स्प्रिंगसाठी जुळवलेला असतो. कडक स्प्रिंगची उसळी त्याला आवरत नाही आणि खड्ड्यानंतर गाडी डुलत राहते. शिवाय कापलेलं टोक सीटवर नीट टेकत नाही, आणि चाक पूर्ण लटकलं की स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. गॅस कटरने कापली तर उष्णतेने पोलादाचा कणखरपणाही जातो. खाली बसवायचंच असेल तर त्या उंचीसाठी बनवलेल्या स्प्रिंग आणि जुळणारे शॉक एकत्रच घ्यावेत.

मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात असलेल्या) गाडीत आणखी एक गुंता आहे. गाडी खाली आली की खालचा आर्म चाकाच्या दिशेने वर चढतो. त्यामुळे रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती बॉडी कलते तो, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं आणि वळणावर बॉडी कलण्याचा कल उलट वाढतो, जरी गाडी जमिनीच्या जवळ आली असली तरी. टाय रॉडचा कोनही बदलतो, त्यामुळे चाक खड्ड्यात वर गेलं की ते आपोआप थोडं वळतं. लांब मानेचे बॉल जॉइंट बसवून आर्म पुन्हा आडवा आणता येतो आणि त्यानुसार टाय रॉडचं टोकही खाली घ्यावं लागतं. २५-३० मिमीपर्यंत बहुतेक गाड्या हे सगळं न करता निभावतात. त्याच्या पुढे मात्र यातला खर्च धरूनच बेत करावा.

मागे वजनानुसार दाब बदलणारा ब्रेक व्हॉल्व्ह असेल तर तो हमखास विसरला जातो. हा व्हॉल्व्ह एका दांडीने एक्सलला जोडलेला असतो. बॉडी एक्सलजवळ आली की गाडीत सामान भरलंय असं धरून तो मागे जास्त दाब सोडतो. गाडी खाली बसवली की तो कायमच गाडी भरलेली आहे असं धरतो, आणि रिकाम्या गाडीची मागची चाकं लॉक होतात. दांडीची लांबी नव्या उंचीला जुळवून घ्यावी लागते.

आणि दोन्ही तटांकडून होणारी चूक: सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर, चाकं लटकलेली असताना पूर्ण आवळणं. गाडी खाली आली की रबर पिळलेल्या अवस्थेतच राहतं आणि वेळेच्या खूप आधी फाटतं. बोल्ट हाताने लावावेत, गाडी चाकांवर उभी करावी, दोन-तीनदा दाबून सोडावी आणि मगच टॉर्क रेंचने आवळावेत. त्यानंतर व्हील अलाइनमेंट. टायर आतून झिजला की सगळे कॅम्बरला (चाकाच्या उभ्या कलाला) दोष देतात, पण चुकीचा टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) टायर त्याहून लवकर खातो.

रिम बदलताना टायरचा बाहेरचा व्यास जपावा. १८५/६५ आर १५ टायरचा (रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंच) व्यास ६२१.५ मिमी. १६ इंचाच्या रिमवर १९५/५५ घेतला तर ६२०.९, म्हणजे स्पीडोमीटरला फरकच पडत नाही. १७ इंचावर २०५/५० घेतला तर ६३६.८, काटा ९८ दाखवताना गाडी सुमारे १०० ने पळते, आणि पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासतो का ते पाहावं लागतं.

जिथे दोघांचे हात सारखेच काळे होतात

गंज, वायरिंग आणि तेल इथे तट उरत नाहीत. ज्याच्या सिलचा पत्रा कुजलाय त्याच्या गाडीत मूळ इंजिन आहे की दुसरं, याने काही फरक पडत नाही. सिल म्हणजे दाराखालची पेटी. बॉडीचा बराच ताण तीच घेते. ती कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी-तिरपी पाइप वेल्ड करून आधार द्यावा आणि दारांच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात. आधाराशिवाय कापली तर गाडी मध्ये वाकते आणि नवी सिल लावल्यावर दार लागतच नाही. बॅटरी आणि अल्टरनेटर सोडवावा. बॉडीचा पत्रा ०.८ ते १ मिमीचा, म्हणून मिग वेल्डिंगची वायर ०.६ मिमीची घ्यावी. सलग वेल्ड न मारता २५-३० मिमी अंतरावर टाके घालावेत, एक या टोकाला, पुढचा त्या टोकाला, मग मधल्या जागा भराव्यात. सलग उष्णतेने पत्रा लाटांसारखा वाकतो. शेवटी रंग, मग आतून पेटीत पातळ मेण फवारायचं आणि पाणी निचरायची भोकं तारेने मोकळी करायची. बुजलेलं भोक हेच बहुतेक कुजलेल्या सिलींचं मूळ असतं. भोकावर पुट्टी भरणाऱ्याला कोणत्याच तटात मान नाही.

वायरिंगमध्ये हेडलाइटचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) हा सगळ्यांना पटणारा बदल आहे. जुन्या गाडीत दोन्ही दिव्यांचा मिळून १० ॲम्पिअर करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येतो आणि वाटेत दीड व्होल्ट सहज गळतो. बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घटतो: १३.५ ऐवजी १२ व्होल्ट पोचले तर सुमारे एक तृतीयांश उजेड जातो. लाइट चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरं बल्बच्या धन टोकाला लावावं. मग बॅटरीचं ऋण टोक आणि बल्बचं अर्थिंग यांच्यामध्ये मोजावं. ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर सुधारणेला जागा आहे. रिलेच्या ३० नंबरला बॅटरीकडून २.५ चौरस मिमीची वायर द्यावी, बॅटरीजवळच १५ ॲम्पिअरचा फ्यूज टाकावा, ८७ वरून दिव्याला न्यावी. मूळ वायर फक्त ८६ ला येते आणि ८५ अर्थिंगला जातं. अपर आणि डिपरला वेगवेगळे रिले घ्यावेत. स्विचवरचा भार जवळपास नाहीसा होतो आणि मूळ हार्नेसला कात्री लागत नाही. आधी मात्र अर्थिंगचे सगळे जोड उघडून धातू चमकेपर्यंत घासावेत. कित्येकदा रिलेची गरजच उरत नाही.

इंजिन ऑइलचा प्रश्न जुन्या सपाट टॅपेटच्या (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाच्या) इंजिनांचा. कॅमचा उंचवटा आणि टॅपेट यांच्यामधलं रक्षण तेलातला जस्त-फॉस्फरसचा घटक करतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तो मारक म्हणून नव्या प्रमाणातल्या पातळ तेलांत फॉस्फरस ८०० पीपीएमच्या (दहा लाखांत ८०० भाग) आत ठेवतात. जुन्या इंजिनांसाठी जस्त १००० ते १२०० पीपीएम असलेलं तेल सुचवलं जातं. रिस्टोर केलेल्या इंजिनाला हे लागू, आणि ज्याने उंच लिफ्टचा कॅम आणि कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग घातल्या त्याला तर दुप्पट लागू. नवा कॅम असेल तर पहिल्यांदा चालू केल्यावर इंजिन आयडलिंगला सोडायचं नाही. २००० ते २५०० आरपीएमवर २०-३० मिनिटं ठेवायचं, म्हणजे कॅमवर तेल उडत राहतं. पाणी, तेल आणि टायमिंग आधीच तपासून ठेवावं, कारण त्या पहिल्या मिनिटांतच कॅम टिकतो किंवा खरडला जातो.

आकड्यांवरची भांडणं

हॉर्सपॉवरवरचे बरेच वाद मोजण्याच्या पद्धतीतून येतात. मेट्रिक हॉर्सपॉवर, म्हणजे पीएस, ७३५.५ वॉटचा आणि ब्रिटिश हॉर्सपॉवर ७४५.७ वॉटचा; १०० पीएस म्हणजे ९८.६ हॉर्सपॉवर. अमेरिकन कंपन्यांनी १९७२ च्या सुमाराला पंप, अल्टरनेटर, सायलेन्सर लावून मोजलेले आकडे द्यायला सुरुवात केली आणि त्याच इंजिनांचे आकडे कागदावर एकदम घसरले. रोलर डायनोवर (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चाकाशी मोजलेली ताकद इंजिनाशी मोजलेल्यापेक्षा कमीच येते, आणि तापमान-दाबाची दुरुस्ती कोणती लावली यानेही आकडा हलतो. त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायची तर एकच डायनो, एकच दिवस, तेच टायर प्रेशर. बदलाचा फायदा पाहायचा असेल तर बदलाआधीचा आकडा त्याच डायनोवर घेतलेला हवा. तो नसेल तर नंतरच्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

काढलेल्या भागांचं काय करायचं

बदल करणाऱ्याच्या शेडमध्ये पडलेला मूळ कार्ब्युरेटर, स्टीलच्या रिम, जुनं एअर क्लीनर हे रिस्टोर करणाऱ्याला वर्षानुवर्षं शोधूनही सापडत नाहीत. उलट रिस्टोर करणाऱ्याने मूळ नसल्यामुळे काढलेला चांगला शॉक किंवा ऑइल कूलर बदल करणाऱ्याला हवा असतो. दोन्ही तटांचा सर्वांत जुना व्यवहार हाच आहे, आणि तो चालू राहायचा तर भाग नीट ठेवायला हवेत.

प्रत्येक भागाला तारेने धातूची किंवा प्लास्टिकची चिठ्ठी बांधावी आणि तिच्यावर गाडीचा चेसिस नंबर, भागाची जागा आणि काढल्याची तारीख लिहावी. कागदी चिठ्ठी तेलाने विरघळते. बोल्ट पिशवीत घालून त्या भागालाच बांधावेत. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल पूर्ण रिकामं करावं, नाहीतर फ्लोटच्या वाटीत डिंक साठतो आणि बारीक जेट बंद होतात. इंजिन ठेवायचं असेल तर जुनं ऑइल काढून नवं भरावं, कारण वापरलेल्या तेलातली आम्लं बेअरिंग खातात. प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवावी आणि प्लग पुन्हा लावावेत. इनटेक, एक्झॉस्ट आणि पाण्याची तोंडं पत्र्याच्या किंवा लाकडाच्या झाकणांनी बंद करावीत. कापडाचे बोळे कोंबू नयेत, ते ओल धरतात आणि नंतर आतच विसरले जातात. इंजिन जमिनीवर न ठेवता लाकडी चौकटीवर बोल्टने बसवावं. दर तीन-चार महिन्यांनी क्रँक थोडी फिरवून वेगळ्या जागी थांबवावी, म्हणजे तेच व्हॉल्व्ह सतत उघडे राहत नाहीत आणि रिंगा एकाच जागी चिकटत नाहीत.